बाटलीतला नमुना आणि गोठ्यातला आजार

दसरा-दिवाळी जवळ आली की अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्यांच्या बातम्या सुरू होतात. नाक्यावर टँकर अडवला, शेकडो लिटर दूध रस्त्याकडेला ओतून नष्ट केले, खव्याच्या गोण्या जप्त केल्या. वाचणाऱ्याला बरे वाटते. पाणी घातलेले दूध प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेले असते, आणि चोर पकडला गेल्याचे समाधान काही खोटे नसते. पण वर्षानुवर्षे अशाच बातम्या वाचून आपली एक समजूत होऊन बसली आहे की दुधातला धोका भेसळ करणाऱ्याच्या हातून येतो आणि त्याला बेड्या पडल्या की दूध निर्धोक झाले. वस्तुस्थिती तशी नाही. दुधातून माणसाला होणारे बहुतेक आजार जनावराच्या कासेतून, त्याच्या पेंडीतून, धार काढणाऱ्याच्या हातांतून आणि कॅन विसळायच्या पाण्यातून येतात. तिथे कोणी कोणाला फसवलेले नसते, त्यामुळे चोर शोधायला निघालेल्या माणसाला तिथे काही सापडतही नाही. मटण आणि चिकनचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. फसवणूक हुडकणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, ती अपुरी असली तरी आहे. आजार हुडकणारी यंत्रणा वेगळी असते. ती जनावर, गोठा आणि दुकान यांच्या जवळ राहणारी, म्हणजे स्थानिक असावी लागते. ती आपण जवळजवळ उभीच केलेली नाही.

असे का झाले हे कायद्याच्या इतिहासात दिसते. लंडनमध्ये १८५१ ते १८५४ या काळात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी बाजारातले खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि निष्कर्ष दुकानदारांच्या नावापत्त्यांसह छापून आणले. त्या खळबळीतून ब्रिटनमध्ये १८६० चा आणि पुढे १८७५ चा भेसळविरोधी कायदा आला. दुकानातून नमुना विकत घ्यायचा, रसायनतज्ज्ञाकडे पाठवायचा, अहवाल वाईट आला की विक्रेत्याला कोर्टात उभे करायचे, हा त्या कायद्यांचा साचा. मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये केलेला भेसळ प्रतिबंधक कायदा याच साच्यातला होता, स्वतंत्र भारताचा १९५४ चा कायदाही याच साच्यातला, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा नावाने आणि हेतूने पुष्कळ व्यापक असला, तरी रोजच्या कामात अजून याच वाटेने चालतो. अन्न सुरक्षा अधिकारी दुधाचे पैसे देऊन नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, बाटल्यांना लाखेचे सील लागते, सह्या होतात. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दूध कमी दर्जाचे निघाले तर प्रकरण अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित निघाले तर फौजदारी खटला.

यातली एक बारीकशी पायरी नीट पाहण्यासारखी आहे. कायदेशीर नमुना चार-आठ दिवस टिकला पाहिजे, नाहीतर विश्लेषकाच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचे दही होईल. म्हणून १९५५ च्या नियमांपासून दुधाच्या नमुन्यात फॉर्मॅलिन घालण्याची रीत आहे: २५ मिलिलिटर दुधाला दोन थेंब. फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असलेले द्रावण; वैद्यकीय महाविद्यालयात काचेच्या बरण्यांतले अवयव ज्यात ठेवतात तेच. ते दुधातला प्रत्येक जंतू मारते. फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) किती, युरिया आहे का, साखर आहे का, हे त्या बाटलीतून अचूक कळते. पण गाईला क्षय होता का, कॅन घाणेरड्या पाण्याने धुतला होता का, दूध सहा तास उन्हात उभे होते का, हे त्या बाटलीला आता कधीच सांगता येणार नाही. पुरावा म्हणून नमुना पक्का होतो त्याच क्षणी तो आजाराविषयी मुका होतो. जंतू मोजायचे तर फॉर्मॅलिन न घालता, बर्फात ठेवून, काही तासांत नमुना प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. म्हणजे प्रयोगशाळा जवळ हवी आणि थंड पेटी घेऊन पहाटे संकलन केंद्रावर जाणारा माणूस हवा. नाक्यावरच्या छाप्यात यातले काही नसते. हा कोणा अधिकाऱ्याचा दोष नाही, कारण त्याच्या हातात दिलेले हत्यारच दुसऱ्या कामाचे आहे.

आकडे काय सांगतात ते पाहू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाची पाहणी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले होते, त्यांत सुटे दूधही होते आणि पिशवीबंदही. आरोग्याला घातक अशी भेसळ किती नमुन्यांत सापडली? १२. सहामध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड, तीनमध्ये डिटर्जंट, दोनमध्ये युरिया, एकात आम्लता मारणारे रसायन. त्याच नमुन्यांपैकी ३६८ मध्ये, म्हणजे ५.७ टक्क्यांमध्ये, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. फॅट-एसएनएफसारख्या दर्जाच्या निकषांवर ४१ टक्के नमुने कुठे ना कुठे कमी पडले. त्यात पाणी घालणारे आले, तसेच निकृष्ट चाऱ्यावर जगणारी जनावरेही आली. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात ते त्या ४१ टक्क्यांत. त्याच्या शरीराला धोका आहे तो मुख्यतः अफ्लाटॉक्सिन आणि प्रतिजैविकांच्या रकान्यांत. आणि पिशवीबंद दुधात अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण सुट्या दुधापेक्षा जास्त आढळले. मोठ्या ब्रँडची पिशवी घेतली की सुटलो, असे समजणाऱ्या शहरी ग्राहकाने हे ध्यानात घ्यावे.

हे विष दुधात कोणी ओतत नाही. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका ओलसर गोदामात पडून राहिला की त्यावर अस्परजिलस जातीची बुरशी चढते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. गाय ते खाते, तिच्या यकृतात त्याचे एम-१ होते, आणि पुढच्या एक-दोन धारांतच ते दुधात उतरू लागते. दुधातली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक ठेवली आहे, कारण हा पदार्थ यकृताच्या कर्करोगाशी जोडलेला आहे आणि दूध सर्वांत जास्त पितात ती लहान मुले. बी-१ किती भयंकर असते याचा अनुभव पश्चिम भारताने १९७४ मध्ये घेतला आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली; त्या घरांतली कुत्रीही मेली. दुधातून येणारी मात्रा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण ती रोजची असते. यातली दिलाशाची बाब अशी की बुरसलेली पेंड बंद केली की चार-पाच दिवसांत गाईचे दूध पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे उपाय स्वस्त आहे आणि लवकर लागू पडतो, फक्त तो पेंडीच्या गोदामात करायचा आहे. दुधाच्या बाटलीत विष सापडल्यावर केलेला दंड त्या गोदामापर्यंत पोचत नाही, कारण जिला दंड झाला त्या डेअरीने तीसेक गावांचे दूध एका टाकीत मिसळलेले असते.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न येतो. गाईला कासदाह झाला, ज्याला गावाकडे दगडी म्हणतात, की एक सड सुजतो, दुधात गुठळ्या येतात आणि डॉक्टर कासेत प्रतिजैविकाची ट्यूब सोडतो किंवा इंजेक्शन देतो. औषध काही दिवस दुधात उतरत राहते. २०१२ पासून औषध नियमांनुसार अशा औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये हे छापावे लागते, आणि तो काळ शास्त्रीयदृष्ट्या ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. दोन गाईंच्या घरात एका गाईचे सात दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे आठवड्याचे निम्मे उत्पन्न मोरीत. संकलन केंद्रावर फॅट मशीन असते, लॅक्टोमीटरची डिग्री पाहतात, भाव त्यावर ठरतो. प्रतिजैविक आहे की नाही हे त्या मशीनला कळत नाही. त्यामुळे शेतकरी दूध घालतो, आणि त्याला दोष देणाऱ्याने आधी ते दूध विकत घेऊन वेगळे टाकून देण्याची सोय कोणत्या संघाने केली आहे ते विचारावे. या अंशांचा परिणाम एका पेल्यात जाणवत नाही. थोड्या मात्रेत सतत औषध मिळाल्याने जंतू औषधाला सरावतात, आणि मग रुग्णालयात न्यूमोनियाच्या मुलावर तेच औषध चालेनासे होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतले औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली, ती याच भीतीने.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: आपण दूध उकळून पितो, मग जंतूंची काळजी कशाला? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. भारतात दुधातून पसरणारा क्षय आणि टायफॉइड यांचा कहर युरोपइतका झाला नाही, त्याचे मोठे श्रेय घरोघरच्या दुधाच्या पातेल्याला आहे. ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून पाश्चरीकरण जे साधते, ते उतू जाईपर्यंत तापवलेल्या दुधात साधतेच. पण उकळल्याने अफ्लाटॉक्सिन जात नाही आणि प्रतिजैविकांचा मोठा भाग तसाच राहतो. स्टॅफिलोकॉकस जंतू मरतात, त्यांनी आधीच तयार करून ठेवलेले विष मात्र उकळीलाही दाद देत नाही. पेढे-बर्फीतून होणाऱ्या विषबाधेत पुष्कळदा त्याचाच हात असतो. शिवाय दुधाशी संबंध फक्त पिणाऱ्याचा येत नाही. ब्रुसेलोसिस झालेल्या गाईचा गर्भ पडतो, वार हाताने काढणाऱ्या शेतकऱ्याला आणि पशुवैद्याला महिनोन्महिने चढणारा-उतरणारा ताप धरतो, सांधे धरतात, आणि तो ताप पुष्कळदा टायफॉइड किंवा मलेरिया समजून उपचारला जातो. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून मुलाला देण्याची चाल अजून मोडलेली नाही, तिथे तर पातेल्याचा आडोसाही नसतो. उकळणे ही शेवटची कडी आहे, आणि तिच्या आधीच्या सगळ्या कड्या ढिल्या ठेवून तिच्यावर सारा भार टाकणे बरोबर नाही.

आजार शोधणारी तपासणी प्रत्यक्षात कशी चालते, याचे जुने उदाहरण लंडनच्या इस्लिंग्टन भागातले आहे. १८७० मध्ये तिथे अचानक टायफॉइडचे रुग्ण वाढले. एडवर्ड बॅलार्ड हे त्या भागाचे आरोग्य अधिकारी होते. त्यांनी आजारी घरांची यादी केली, ती घरे कोणत्या गल्ल्यांत आहेत ते पाहिले, आणि प्रत्येक घरी दुधाचा रतीब कोणाचा आहे हे विचारले. शेजारशेजारच्या घरांत एकाकडे आजार आणि दुसऱ्याकडे नाही, असे दिसले तिथे दूधवाला वेगळा निघाला. धागा एका दुग्धालयापर्यंत गेला, आणि तिथे पाण्याच्या जुन्या टाकीत गटाराचे पाणी झिरपत असल्याचे आढळले. टायफॉइडचा जंतू कार्ल एबर्टने पाहिला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १८८० मध्ये. म्हणजे बॅलार्डकडे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. रुग्णांची यादी, गिऱ्हाइकांची यादी आणि त्या दुग्धालयात पाऊल टाकण्याचा अधिकार या तीन गोष्टी एका माणसाच्या हातात होत्या, आणि तेवढ्यावर काम झाले.

महाराष्ट्रात आज या तीन गोष्टी तीन खात्यांत वाटलेल्या आहेत, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. रुग्ण महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला दिसतात. नमुना घेण्याचा अधिकार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. जनावर पशुसंवर्धन विभागाचे, दूध संघ दुग्धविकास आणि सहकार यांच्याकडे. १९५४ च्या कायद्यात निदान ‘स्थानिक आरोग्य प्राधिकारी’ ही कल्पना होती; २००६ च्या कायद्याने सूत्रे राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्ताकडे एकवटली. एकसूत्रीपणाच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण एकाच दुधाला दोन शहरांत दोन नियम लावणे चालणार नाही. पण तालुक्यात एकाच आठवड्यात दहा जणांना लांबणारा ताप आला तर त्यांच्या घरी दूध कुठून येते, हे विचारणे कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात राहिले नाही.

अमेरिकेने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९२४ मध्ये दुधासाठी एक नमुना-नियमावली तयार केली आणि शहरांनी, राज्यांनी ती आपापल्या मर्जीने स्वीकारावी असे ठेवले. नियम सर्वत्र सारखे, अंमल स्थानिक. आज तिच्या सुधारित आवृत्तीनुसार दुधाच्या गोठ्याची पाहणी दर सहा महिन्यांनी आणि पाश्चरीकरण केंद्राची दर तीन महिन्यांनी होते. सहा महिन्यांत किमान चार नमुन्यांचे जंतू मोजतात. एक नमुना वाईट निघाला म्हणून कोणी कोर्टात जात नाही. शेवटच्या चारपैकी दोन वाईट निघाले की लेखी सूचना जाते आणि नवा नमुना घेतला जातो. शेवटच्या पाचपैकी तीन वाईट निघाले की परवाना स्थगित होतो आणि गोठा सुधारला की परत मिळतो. आपल्याकडे एका बाटलीवर वर्षानुवर्षे खटला चालतो, तिथे पाच बाटल्यांची ओळ पाहून निर्णय होतो. १९३८ मध्ये त्या देशात अन्न आणि पाण्यातून उद्भवणाऱ्या साथींपैकी २५ टक्के दुधातून येत. आता ते प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आहे. यात पाश्चरीकरणाचा वाटा मोठा आहे हे खरे, पण पाश्चरीकरण नीट झाले की नाही हे कोणीतरी येऊन पाहावे लागतेच. त्यासाठी फॉस्फटेज नावाची साधी चाचणी आहे: दुधातले हे विकर क्षयाचा जंतू मरतो त्याहून किंचित जास्त उष्णतेला नष्ट होते, त्यामुळे ते शिल्लक दिसले की दूध पुरते तापलेले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले आहे.

परदेशाचे राहू द्या, मुंबईनेच एकदा हा विचार केला होता. शहरातल्या दाटीतल्या तबेल्यांत हजारो म्हशी, शेणाचे ढीग आणि शेजारी माणसांची वस्ती, अशा स्थितीत बाटल्या तपासून दूध सुधारणार नाही, हे ओळखून दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. बत्तीसेक गोठ्यांत सुमारे १६ हजार म्हशी. म्हशी मालकांच्या, पण गोठा, पाणी, चारा आणि जनावरांचा डॉक्टर यांची व्यवस्था सरकारची, आणि दूध तिथेच पाश्चराइज होऊन बाटलीबंद. म्हशीच्या घट्ट दुधात दूध पावडर आणि पाणी मिसळून ३ टक्के फॅटचे स्वस्त टोन्ड दूध मुंबईच्या गोरगरिबांपर्यंत गेले तेही याच काळात. खुरोडींना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेचे पुढे काय झाले, ती जमीन किती कामांना गेली, तो वेगळा आणि कष्टी विषय आहे. इथे घेण्यासारखे एवढेच की तपासणीचे ठिकाण गोठा आहे, हे त्या योजनेने गृहीत धरले होते.

आता मांसाकडे. इथे चित्र उलटे आहे, कारण मांस तपासणीची परंपरा मुळातच आजारातून जन्मली. जर्मनीत रॉबर्ट फॉन ओस्टरटाग यांनी तिचे शास्त्र बांधले आणि १९०० मध्ये तिथे देशव्यापी कायदा झाला. जगभरच्या कत्तलखान्यांनी तीच पद्धत उचलली. मुंबई महापालिकेच्या देवनार पशुवधगृहात, जे वांद्र्याच्या जुन्या कत्तलखान्याची जागा घेऊन १९७१ मध्ये सुरू झाले, जनावर आधी जिवंतपणी पाहिले जाते. चालते कसे, ताप आहे का, नाकातोंडातून स्राव आहे का. कापल्यावर पशुवैद्य फुप्फुसे हाताने दाबून पाहतो, लसिकाग्रंथींना छेद देतो, यकृताच्या पित्तनलिका चिरून चपटे कृमी आहेत का ते पाहतो. मेंढीच्या यकृतावर किंवा फुप्फुसावर कधी पांढरट, पाण्याने भरलेले फुगे दिसतात. ही हायडॅटिडची गाठ. ती मांसातून माणसाला होत नाही. ती अवयवासकट उकिरड्यावर फेकली, कुत्र्याने खाल्ली, की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माती-भाजीवर पडतात आणि तिथून ती माणसाच्या, बहुधा मुलाच्या, पोटात जातात. पुढे काही वर्षांनी त्या मुलाच्या यकृतात तशीच गाठ वाढते. म्हणून तो अवयव वेगळा काढून नष्ट करणे हे पशुवैद्याचे काम शिक्का मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मटण न खाणाऱ्या घराचेही रक्षण त्याने होते. उघड्यावर, डॉक्टरशिवाय चालणाऱ्या कत्तलीचे खरे नुकसान इथे आहे: आतडी-काळजाचे तुकडे नाल्यात आणि कुत्री नाल्यावर.

पण ही चांगली पद्धतही वेळ दिला तरच चालते. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यांपेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत असे ठरवले आहे, म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. कत्तलीपूर्वी जनावराला २४ तास विश्रांतीही द्यायची असते, कारण थकव्याने झाकलेला आजार त्यानंतर उघड होतो. सणाच्या दिवसांत हा हिशेब कोणत्या कत्तलखान्यात पाळता येईल, हे वाचकाने स्वतःच मांडून पाहावे. दुसरी मर्यादा डोळ्यांची आहे. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, प्रतिजैविकांचे अंश हे सुरीने दिसत नाहीत; उलट एकीकडचा जंतू सुरी दुसरीकडे नेते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१४ पासून डुकरांच्या नेहमीच्या तपासणीत छेद देणे कमी करून केवळ पाहण्यावर भर दिला आणि जनावर ज्या फार्मवरून आले तिथल्या औषधांच्या, आजारांच्या नोंदींना महत्त्व दिले. शंभर वर्षांपूर्वी क्षय हा मुख्य शत्रू होता तेव्हा सुरी बरोबर होती. आता शत्रू बदलला आहे.

आणि मग कोंबडी. देशातल्या मांस उत्पादनात निम्म्याच्या आसपास वाटा आता तिचा आहे, आणि जवळपास कुठल्याच चिकन सेंटरवर तिला पाहणारा डॉक्टर नसतो. पिंजऱ्यात दाटीने बसलेले पक्षी, पिसे काढणारा फिरता ड्रम, दिवसभर बदलला न जाणारा पाण्याचा टब, तोच ओंडका आणि तीच सुरी. जंतू एका पक्ष्याच्या आतड्यातून पन्नास पक्ष्यांच्या अंगावर चढवायला याहून सोपी व्यवस्था नसेल. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. तेव्हापासून मोठ्या पोल्ट्री फार्मवर निगराणी बरी आहे, पण गल्लीतले दुकान तिच्या बाहेरच राहिले. त्या टबाचे पाणी दर तासाला बदलणे, गरम पाण्याची सोय असणे, कापायची आणि विकायची जागा वेगळी असणे, एवढ्या तीन गोष्टी पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रभागाचा स्वच्छता निरीक्षक त्या दुकानावरून रोज जातो. त्याला हे पाहण्याचा अधिकार आणि चार दिवसांचे प्रशिक्षण मिळाले तर शहरातल्या पोटाच्या आजारांत फरक पडावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप निरीक्षकाविषयीच आहे. आणखी एक साहेब, आणखी एक हप्ता. मोठ्या डेअऱ्या निभावून नेतील, मरेल तो दोन म्हशींचा गवळी आणि लहान खाटीक. ही भीती अनुभवातून आलेली आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून लिहिलेली कोणतीही योजना कागदावरच राहील. पण हप्ता कुठे पिकतो ते पाहिले पाहिजे. एका नमुन्यावर एका अधिकाऱ्याचा निर्णय, पुढे खटल्याची टांगती तलवार, आणि निकाल कोणालाच दिसत नाही, अशा जागी तो पिकतो. पाच नमुन्यांची ओळ संकलन केंद्राच्या भिंतीवर सर्वांसमोर लावलेली असेल, पहिला परिणाम दंडाऐवजी डॉक्टरची भेट असेल, आणि चिकन सेंटरचे गुण दारावर चिकटवलेले असतील, तर मिटवून टाकण्यासारखे फारसे काही उरत नाही. लहान माणसाला मारतो तो दंड. सूचना, मदत आणि पुन्हा तपासणी या क्रमाने तो तगतो, आणि औषध चाललेल्या गाईचे दूध संघाने ठरावीक भावाने उचलून वेगळे नष्ट केले तर तो स्वतः येऊन सांगेलही.

भेसळीकडे मग दुर्लक्ष करायचे का, असेही विचारले जाईल. मुळीच नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्याच २०११ च्या दूध पाहणीत १,७९१ पैकी ६८.४ टक्के नमुने निकषांत बसले नव्हते, आणि त्यांतल्या १०३ मध्ये डिटर्जंट होते. त्या ६८.४ चा ‘इतके दूध भेसळीचे’ असा अर्थ लावून तो आकडा अजूनही फिरवला जातो, तो चुकीचा आहे, कारण त्यातला मोठा भाग फॅट-एसएनएफ कमी असण्याचा होता. पण डिटर्जंट हे डिटर्जंटच. त्यातले काही मुद्दाम घातलेले असेल, काही नीट न विसळलेल्या कॅनमधून आलेले. दोन्हींचा निवाडा कॅन धुतात त्या जागी उभे राहिल्याशिवाय होत नाही, आणि तिथे वरचेवर जाणारा माणूस असला की भेसळ करणाऱ्याचीही पंचाईत होते.

नव्याने उभारायला फार काही लागणार नाही. २०१९ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस यांची लस दिली जाते आणि जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. संकलन केंद्रावर प्रत्येक उत्पादकाचा कोड असतो. बिल्ल्याचा क्रमांक, उत्पादकाचा कोड, पशुवैद्याने लिहून दिलेले औषध आणि ग्रामीण रुग्णालयातली तापाची नोंद, ही चार टिपणे तालुक्याला एका टेबलावर आणणे हे सरकारी आदेशाचे काम आहे, नव्या कायद्याचे नव्हे. आरोग्य अधिकारी, पशुधन विकास अधिकारी आणि अन्न सुरक्षा अधिकारी यांनी महिन्यातून एकदा ती सोबत बसून पाहिली, तरी बॅलार्डच्या हातात होते तेवढे तालुक्याच्या हातात येते. सुरुवात कुठून करायची असे विचारले, तर पेंडीपासून. एका गोदामातल्या एका नमुन्यामागे शेकडो गाईंचे दूध असते, जागेवर करायची अफ्लाटॉक्सिनची पट्टी-चाचणी उपलब्ध आहे, आणि बुरशी चढते ती पावसाळ्यात. पहिला नमुना श्रावणात, पेंडीच्या गोदामातून घ्यावा.